माझ्यावर बसून ठरवलेलं वसतिगृह

या मित्रांनो, बसा. पण जरा बेतानं बसा, मी टोचते. लोकर आहे ती, मखमल नव्हे. आणि आज तर मी जास्तच टोचणार आहे, कारण माझं डोकं फिरलेलं आहे.

मी घोंगडी आहे. जुनी, काळी, कडेला पांढरी पट्टी असलेली, आणि साधी पांघरायची नव्हे, बैठकीची. आटपाडीच्या पुढं माणदेशाच्या कोरड्या माळावर तरसमाळ नावाची वाडी आहे. तिथल्या समाजमंदिरात मी आताआतापर्यंत राहायचे. वाडीत जे काही ठरतं ते माझ्यावर बसून ठरतं. निदान पूर्वी ठरायचं. आता बहुतेक वेळा काहीच ठरत नाही, आणि मग माणसं बाहेर जाऊन सांगतात की घोंगडं भिजत पडलंय. वा रे वा! भिजत घालणार तुम्ही आणि बदनाम मी! अहो, मी भिजले असेन तर तुमच्या सांडलेल्या चहानं. समाजमंदिराचं छप्पर शाबूत आहे.

माझा जन्म सांगते. माझ्यासाठी वाडीतल्या घराघरानं लोकर दिली. बायकांनी ती पिंजली, चरख्यावर सूत काढलं आणि अर्जुना सनगर नावाच्या विणकराकडं पोचवलं. जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून तो मागावर बसायचा, सुताला चिंचोक्याची खळ लावायचा, आणि स्वतःशीच पुटपुटत विणायचा. माझ्या अंगाला त्या खळीचा वास कितीतरी वर्षं होता. लोकर घेऊन आलेल्यांना अर्जुनानं एकच अट घातली होती. "सगळ्या घरांची लोकर एकात मिसळा. न्हायतर उद्या एकेक जण बोट दाखवून म्हणंल, ही माझी बाजू हाय, माझ्या बाजूवर बसू नगा." लोक हसले, पण त्यांनी लोकर मिसळली. म्हणून आजही माझ्यातला कुठला धागा कुणाच्या मेंढराचा हे कुणालाही सांगता येत नाही. मला त्याचा फार अभिमान आहे.

तेव्हा सगळी वाडी मेंढरांमागं फिरायची. दिवाळी झाली की घरांना कुलपं लागायची आणि कळप कृष्णाकाठाला उतरायचे. कुंडल, पुढं आष्टा, तिथल्या बागायतदारांच्या रानात मेंढरं बसवायची, रानाला खत मिळायचं, मेंढरांना चारा मिळायचा. पावसाळ्याच्या तोंडावर परत यायचं. पुढं वाडीच्या एका अंगाला कालव्याचं पाणी आलं. निम्म्या घरांनी मेंढरं विकून डाळिंबं लावली आणि ती कायमची गावात राहिली. उरलेली निम्मी अजून जातात. गावात राहणारे आणि फिरणारे, सगळे एकाच भावकीतले. तरीपण सहा महिने एकमेकांचं तोंड बघायचं नाही म्हटल्यावर फरक पडतोच, तसा तो पडला.

माझ्यावरचा एक रिवाज मात्र टिकला. बैठकीत एकमत झालं की बिरोबाच्या देवळातनं भंडारा आणतात, म्हणजे हळद. ती माझ्या मधोमध ठेवतात, आणि बसलेला प्रत्येक माणूस चिमूटभर उचलून कपाळाला लावतो. भंडारा उचलला की शब्द दिला. तो शब्द मोडायचा नाही. भाऊ भावाशी भांडेल, पण भंडारा उचललेली गोष्ट फिरवणार नाही. माझ्या लोकरीत ती हळद इतकी मुरली आहे की कितीही झटका, पिवळी धूळ निघतेच. या रिवाजानं वाडीतली किती भांडणं मिटली ते मी पाहिलंय. आणि याच रिवाजानं वाडीनं स्वतःचे हातपाय कसे बांधून घेतले, तेही मीच पाहिलं. तेच सांगायला बसले आहे.

त्याआधी सोनियाची ओळख करून देते, कारण हे सगळं तिच्यासाठी चाललं होतं. निदान तोंडानं तरी सगळे तसंच म्हणत होते. सोनिया ही सुलाबाईची धाकटी मुलगी. सुलाबाई आणि तिचा नवरा बिरदेव अजून मेंढरं घेऊन फिरतात. जूनपासून दिवाळीपर्यंत सोनिया वाडीच्या शाळेत असते, आणि शाळा सुटली की दप्तर घेऊन थेट माझ्यावर येऊन पालथी पडते. म्हणते, "हितं टोचतंय, त्यामुळं झोप येत न्हाई." एवढं कौतुक माझं आजवर कुणी केलं नव्हतं. ती मोठ्यानं वाचते, बोटांवर गणितं करते, चुकली की माझीच लोकर उपटते. मी काही बोलत नाही. तिच्या थोरल्या बहिणीचंही असंच चालायचं. अर्धं वर्ष शाळा आणि अर्धं वर्ष कोकरं. मग एका वर्षी मागं पडली ती पडलीच, आणि लगेच लग्न झालं. सुलाबाईनं सोनियाला स्पष्ट सांगून टाकलं होतं, "सातवीला गावात ऱ्हायची सोय झाली तर शीक. न्हाई झाली तर शाळा बंद. निम्मी निम्मी शाळा करून तुलाबी तरास आन मलाबी." तिचा आवाज कडक होता, पण बोलता बोलता ती सोनियाच्या दप्तराचा तुटलेला बंद शिवत होती. 

तर गेल्या थंडीतली गोष्ट. सोनिया तेव्हा सहावीत होती आणि आईबापाबरोबर कुंडलकडं गेलेली होती. फिरणारी सगळीच घरं बाहेर होती. आणि नेमकी त्याच वेळी इंद्रजितनं बातमी आणली. इंद्रजित म्हणजे वाडीतला शिकलेला पोरगा, आप्पासोंचा पुतण्या, लॅपटॉपवाला. पुण्याची एक संस्था स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांच्या मुलांसाठी वसतिगृह काढायला अनुदान देणार होती. अर्जाची मुदत जवळ आली होती. आप्पासोंनी लगेच बैठक बोलावली. हे आप्पासो म्हणजे वाडीतलं जुनं जाणतं माणूस, मनानं चांगला, हाक मारली की धावून येणारा. पण एकदा बोलायला लागला की दुसऱ्याला फट ठेवत नाही.

मला पसरलं. मी म्हटलं, वा, चांगलं काम आहे. आता विचारतील की मुलं किती, त्यांना काय लागतं, त्यांच्याजवळ कोण राहणार. कसलं काय! पहिला प्रश्न निघाला तो इमारतीला रंग कुठला द्यायचा याचा. त्यानंतर उद्घाटनाला कुणाला बोलवायचं. त्यानंतर पाटीवर कुणाच्या वडिलांचं नाव घालायचं. या पाटीवरून वरची आळी आणि खालची आळी अशी काही जुंपली की एकानं रागाच्या भरात माझी मूठभर लोकर उपटली. अजून खड्डा आहे तिथं, बघा हवं तर. मग जागेवरून भांडण. वरच्या आळीत बांधलं तर खालच्या आळीला चालेना आणि खालच्या आळीत बांधलं तर वरचीला. शेवटी आप्पासोंनी तोडगा काढला. "कुणाच्याच आळीत नको. बिरोबाच्या माळावर बांधू, देवळाच्याबी पल्याड. दुमजली बांधू. माळ देवाचा, भांडान न्हाई."

सगळ्यांना पटलं. पटणारच, कारण कुणालाच काही सोडावं लागलं नव्हतं! माळावर पाणी नाही, वीज नाही, वाडीतनं हाक मारली तर ऐकू जात नाही. पण त्या घडीला भांडण मिटलं याचाच सगळ्यांना आनंद. आणि पुन्हा कुणी उलटू नये म्हणून आप्पासोंनी काय करावं? भंडारा मागवला. माझ्या मधोमध ठेवला. मला ओरडावंसं वाटत होतं. अहो, ज्यांची पोरं तिथं राहायची त्यांच्यातलं एकसुद्धा घर इथं बसलेलं नाही! पण घोंगडीचं कोण ऐकतं. वसतिगृह माळावर, दुमजली, अशी भाक देऊन प्रत्येकानं चिमूट उचलली, कपाळं पिवळी झाली, आणि चहा आला. त्यातलाही निम्मा माझ्यावर सांडला.

अर्जाचं काम इंद्रजितकडं. मुदत उद्यावर आली होती, म्हणून त्यानं कोकणातल्या कुठल्याशा गावाचा मंजूर झालेला अर्ज मित्राकडनं मागवला आणि त्यातलं गावाचं नाव बदललं. झालं! जाता जाता माझ्यावर सगळ्यांना बसवून फोटो काढला, कारण अर्जाला लोकसहभागाचा फोटो लागतो म्हणे. फोटोत मी फार छान दिसते. लोकसहभाग मात्र त्यातला निम्मा कुंडलच्या रानात होता.

काही दिवसांनी उत्तर आलं. इंद्रजितनं ते माझ्यावर बसून मोठ्यानं वाचलं, आणि वाचता वाचता त्याचा आवाज बारीक होत गेला. मुलांची संख्या किती? पालकांशी चर्चा झाली का? मुलांजवळ राहणारं माणूस कोण? पाण्याची सोय काय? आणि शेवटी, आपल्या गावातील मच्छीमार बांधव मासेमारीसाठी किती काळ समुद्रावर असतात, ते कळवावे.



"समुद्र?" आप्पासो म्हणाले. "आरं इंद्रा, आपल्या वड्याला पाणी न्हाई, आन तू समुद्र कुठनं आणलास रं?"

"ऱ्हायलं आप्पा काढायचं. गडबडीत ऱ्हायलं."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. उलट असं वाटलं की या दोघांनाही कोपऱ्यात धरून चांगलं तासभर टोचावं. कारण मासेमारीचं वाक्य त्यांनी दुरुस्त केलं, पण बाकीच्या प्रश्नांना काय उत्तर दिलं माहीत आहे? 'नियोजन चालू आहे.' नियोजन! माझ्यावर बसून कुणी केलं असतं तर मला कळलं नसतं का?

चैतात संस्थेची बाई प्रत्यक्ष पाहायला आली. पल्लवी तिचं नाव, सांगलीची. ऊन मी म्हणत होतं. आप्पासोंनी तिच्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची मागवली, पण ती सगळ्यांबरोबर माझ्यावर बसली. टोचल्यावर जरा दचकली, मग मला हातानं चाचपून म्हणाली, "किती सुंदर विणलीय." तिथंच तिनं मला जिंकलं. आप्पासोंनी मग अर्धा तास दुमजली इमारतीचं वर्णन केलं. जिना कुठनं, गच्ची कशी, पाटी केवढी. पल्लवी सगळं नीट ऐकून घेत होती. त्यांचं संपल्यावर तिनं विचारलं, "आप्पा, मुलं रात्री कुणाजवळ झोपणार?"

 एक जण माझी लोकर खुडत बसला.

"आवं मॅडम, आदी बिल्डिंग तर हू द्या," आप्पासो म्हणाले. "माणसं काय, मिळत्यात."

"सहावीतल्या मुलींजवळ रात्री कोण राहणार, हे नंतर बघू असं म्हणून कसं चालेल? त्यांच्या आयांशी बोलायचं होतं मला. कुठं भेटतील?"

"त्या न्हाईत गावात. मेंढरांमागं गेल्यात."

पल्लवीनं हातातली वही मिटली. मग म्हणाली, "म्हणजे ज्यांच्यासाठी हे करायचंय त्यांना अजून कुणी विचारलेलंच नाही. आप्पा, मला तुमचा अर्ज पुढं पाठवता येणार नाही. राग मानू नका. त्या परत आल्या की सगळ्यांनी एकत्र बसा, काय लागतंय ते ठरवा, आणि मग अर्ज करा. दिवाळीनंतर पुन्हा मुदत आहे. आणि जमलं तर जागेचाही विचार करा. माळ फार लांब पडतो."

"जागा बदलाय येणार न्हाई," मागनं कुणीतरी म्हणालं. "भंडारा उचललाय."

पल्लवी हसली नाही. तिनं भंडाऱ्याचा अर्थ विचारून घेतला, मान हलवली, आणि पाणी पिऊन गेली. ती गाडीत बसायच्या आत इथं सुरू झालं, "पैसं द्यायचं न्हाईत, म्हणून कारणं सांगत्यात." मित्रांनो, मी तेव्हाच हात टेकले असते, पण मला हात नाहीत.

जूनच्या सुरुवातीला कळप परतले. घरांची कुलपं निघाली, चुली पेटल्या, सोनिया दप्तर घेऊन माझ्यावर आली. सातवीची नवी पुस्तकं होती. पहिल्याच दिवशी तिनं मला विचारलं, म्हणजे स्वतःलाच विचारलं, पण माझ्यावर पडून, "हुईल काय गं हास्टेल?" मी काय सांगणार?

सुलाबाईला वसतिगृहाची गोष्ट कळली तेव्हा ती बैठकीला आली. बायका नेहमीप्रमाणं माझ्या काठाबाहेर, फरशीवर बसल्या. माळाचं नाव ऐकल्यावर ती म्हणाली, "आवं आप्पा, माळावर? तितं दिवसा जायाला आमाला भ्या वाटतंय. पोरी कशा ऱ्हातील?"

आप्पासोंनी खाली बघितलं. "खरं हाय तुजं, सुले. पर भंडारा उचललाय. आता काय करतीस?"

बस्स. तिथं गाडी अडली ती अडलीच. सगळ्यांना कळत होतं की माळावरचं वसतिगृह हा वेडेपणा आहे. घरी गेल्यावर प्रत्येक जण तेच बोलत असणार. पण माझ्यावर बसला की एकाचीही छाती होईना. देवाचा शब्द कोण मोडणार? आणि शब्द मोडायचा नाही, म्हणून वेडेपणा तसाच पुढं ढकलायचा! श्रावण गेला, गणपती आले आणि गेले. बैठका होत राहिल्या. इंद्रजित जिना उजवीकडनं डावीकडं करून नवा नकाशा आणायचा. मला पसरायचे, गुंडाळायचे, कोपऱ्यात उभी करून ठेवायचे. एका उंदरानं माझा कोपरा खाल्ला, तेही कुणी बघितलं नाही. मला उंदराचा राग नाही आला. त्याला निदान काय पाहिजे ते माहीत होतं.

सोनिया मात्र दिवसेंदिवस गप्प होत गेली. नवरात्रात ती वाचायला आली, पण पुस्तक उघडलंच नाही. नुसती पडून राहिली. मग कोकरांच्या गळ्यात बांधायच्या दोऱ्या काढल्या आणि वळत बसली. सातवीची पोर, गणितं सोडून दोऱ्या वळतेय, आणि हिच्यासाठी म्हणून दहा महिने माझ्यावर माणसं बसून उठून गेली! तेव्हा मला रडायला आलं असतं, तर वाडीतलं सगळं घोंगडं खरंच भिजलं असतं.

दिवाळी झाली. दोन दिवसांत कळप निघणार होते. पल्लवीनं सांगितलेली मुदत आली म्हणून आप्पासोंनी बैठक बोलावली, आणि इंद्रजितनं पुन्हा तोच दुमजली नकाशा माझ्यावर पसरला. तेवढ्यात सुलाबाई आली. या खेपेला ती काठाबाहेर बसली नाही. दारात चपला काढल्या, सरळ माझ्या मधोमध आली, नकाशा जरासा बाजूला सरकवला आणि मांडी घालून बसली. मागनं फिरणाऱ्या घरांतल्या सगळ्या बायका आल्या आणि तिच्याभोवती बसल्या. मला इतकं बरं वाटलं! कितीतरी वर्षांनी माझी चारही अंगं भरली होती.

"आप्पा, एक इचारू?" सुलाबाई म्हणाली. "भंडारा कुणी कुणी उचलला?"

"सगळ्यांनी."

"सगळ्यांनी कवा? आमी तवा कुंडलच्या रानात हुतो. मी न्हाई उचलला. हिनं न्हाई उचलला, हिनंबी न्हाई. आमच्यातल्या एकीनं तरी उचललाय काय?"

आप्पासोंनी बसलेल्या बायकांवरनं एकदा नजर फिरवली.

"तुमी देवाला शब्द दिलाय, तो तुमी मोडू नगा. आमी मोडा म्हणत बी न्हाई. पर आमचा शब्द अजून आमच्यापाशीच हाय. तो आमी आज देतो." आणि तिनं कमरेची किल्ली काढून माझ्यावर ठेवली. "दिवाळीपासनं पावसाळ्यापर्यंत माजं घर कुलपात असतंय. दोन खोल्या हायत, परसात नळ हाय, शाळा हाकंच्या अंतरावर हाय. पोरं तितं ऱ्हातील. आमच्यातल्या एकीनं म्हैनाभर ऱ्हायाचं, म्हैना झाला की दुसरीनं यायचं, पहिलीनं कळपाकडं जायाचं. पैली पाळी माज्या जावंची. दाणं ज्येच्या त्येच्या घरनं. झालं. भंडारा आणा."

"आन मग बिल्डिंग?" आप्पासो कसेबसे म्हणाले.

"बांधा की! तुमी शब्द दिलाय, तुमी बांधा. पर ती बांधून हुईस्तवर आमची पोरं काय उभी ऱ्हात्यात व्हय?"

आधी बायका हसल्या, मग पुरुष हसले, आणि शेवटी आप्पासोही. पण सुलाबाई हसली नाही. भंडारा येईपर्यंत ती किल्लीवर हात ठेवून बसली होती. बायकांनी एकेक चिमूट उचलली. सुलाबाईच्या बोटांतली हळद माझ्यावर सांडली, आणि मी सांगते मित्रांनो, तेवढी एकच हळद मला कधी झटकून टाकावीशी वाटलेली नाही.

बैठक उठली तेव्हा सुलाबाईनं मला गुंडाळलं आणि खांद्यावर घेतलं. "ही मी न्हेती. ह्यात माज्या सासूनं कातल्याली लोकर हाय. पोरांस्नी खाली घालायला काय तरी पायजे." एरवी लोकांनी तिला अडवलं असतं. पण आज वाट दिली. ही बाजू कुणाची, असं विचारायची सोयच अर्जुनानं ठेवलेली नव्हती.

दोन दिवसांनी कळप निघाले. त्या सकाळी कळप रस्त्याला लावून सुलाबाई आपल्याच घराच्या दाराशी आली. आत आली नाही, कारण आत आली असती तर निघवलं नसतं. बाहेरनंच म्हणाली, "येती गं. काकूचं ऐक. जेवून घेत जा." सोनिया "व्हय" म्हणाली आणि उंबऱ्यावर उभी राहिली. मेंढरांची धूळ खाली बसेपर्यंत ती तिथंच होती. मग आत आली, माझ्यावर पालथी पडली आणि खूप रडली. शाळेत राहायला मिळालं म्हणून का आई गेली म्हणून, ते मला कळलं नाही. तिलाही कळलं नसावं. मग तिनं डोळे पुसले आणि गणिताचं पुस्तक काढलं.

असं सगळं जुळून आल्यावर तरी माणसं शहाणी होतील असं वाटलं होतं मला. पण चारच दिवसांनी आप्पासो आणि इंद्रजित दारात हजर. मुलं नुकतीच शाळेतनं येऊन माझ्यावर टेकली होती.

"सोनिया, घोंगडी दे गं," आप्पासो म्हणाले. "बैठक हाय. हास्टेलचा अर्ज लिहायचाय."

माझा संताप संताप झाला. वसतिगृह माझ्या अंगावर बसलेलं दिसतंय, आणि हे त्याचा अर्ज लिहायला मलाच त्याच्याखालनं ओढून न्यायला आले आहेत!

सोनिया उठली नाही. "आप्पा, ही न्हेली तर आमी निजायचं कुठं?" ती म्हणाली. "बैठक हितंच घ्या की."

आप्पासोंनी तिच्याकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. माझ्यावरच्या डब्यांकडं, दप्तरांकडं, वाळत घातलेल्या एवढ्याएवढ्याशा कपड्यांकडं बघितलं. मग त्यांनी मुकाट्यानं चपला काढल्या आणि माझ्या काठावर बसले. मधोमध नाही, काठावर. इंद्रजितनं लॅपटॉप उघडला, आणि कधी नव्हे ते आप्पासो काही न बोलता बसून राहिले. बराच वेळ. सवय नव्हती, त्यामुळं त्यांना जड जात होतं.

"बरं," शेवटी ते म्हणाले. "काय काय लागतंय तुमाला? सांग."

गेल्या थंडीपासून मी या प्रश्नाची वाट बघत होते.

सोनियानं काकूकडं बघितलं. मग दाराकडं. "सगळ्यात आदी दाराला आतनं कडी पायजे," ती म्हणाली. "आमचं दार बाहेरनंच लागतंय. निम्मं वरीस घर कुलपात, आन एरवी माजा बा दारातच निजतो, म्हणून आतली कडी कुणी बशीवलीच न्हाई. काकू रात्रभर दाराला पाठ लावून बसती. तिला झोप न्हाई."

इंद्रजितची बोटं थांबली. आप्पासो काकूकडं बघायला लागले. तिनं पदर सावरला आणि दुसरीकडं तोंड फिरवलं. दुमजली इमारतीचे किती नकाशे माझ्यावर पसरले गेले! जिना होता, गच्ची होती, पाटी तर होतीच होती. आतली कडी एकाही नकाशात नव्हती.

पुढं त्या दिवशी बरंच लिहिलं गेलं. संडास, दिवे, पाळीवर राहणाऱ्या बाईला काही पगार, आजारी पडलं तर दवाखान्यात न्यायला गाडी. इंद्रजितनं कुठूनही काही उतरवून घेतलं नाही. मुलं सांगत होती आणि तो लिहीत होता. अर्ज पल्लवीकडं गेला आहे. उत्तर अजून आलेलं नाही. येईल का, काय येईल, ते मला माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर माझा अजून कुणावरही पुरता विश्वास बसलेला नाही.

मित्रांनो, मी म्हातारी झाले आहे. मला उन्हात घाला, झटका, उंदरापासून जपा, कोपरा फाटलाय तो शिवा. आणि मला पसरून कुणासाठी काही मागायला बसाल, तेव्हा पहिल्यांदा त्यालाच हाक मारा आणि मधोमध बसवा. तो लांब असेल तर तो येईपर्यंत मला गुंडाळलेलीच ठेवा. मी थांबेन, मला घाई नाही. सोनियाच्या बहिणीला मात्र थांबता आलं नाही, एवढं ध्यानात असू द्या.

कडीचं मात्र त्याच संध्याकाळी झालं. आप्पासो घरी गेले, स्वतःच्या दाराची कडी काढून घेऊन आले आणि स्क्रू पिळून इथं बसवली. तिच्यासाठी अर्ज लागला नाही. त्या रात्री काकू माझ्यावर, पोरांच्या शेजारी, आडवी झाली आणि मी टोचत असूनही सकाळपर्यंत तिनं कूस बदलली नाही.